बोंडअळी, लव्हाळा आणि कॅन्सर

आमच्या गल्लीतल्या जिभाऊंच्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता. दोन वर्षं होता. आधी तिखट झोंबायला लागलं, मग शेवभाजीचा रस्साही नको झाला, मग तोंडात तीन बोटं उभी जायची ती दोनच जायला लागली. वेचणी आटोपू दे मग बघू, असं करत दुसरी वेचणीही आटोपली. शेवटी मुलाने सुटी काढली आणि अमळनेरहून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईला, म्हणजे आमच्या भाषेत 'टाटाला', नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी मला एकच विचारलं, "हाई व्हयनं कसं, सर?"

ही २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. त्याच आठवड्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : रशियाने कॅन्सरवर लस काढली, पुढच्या वर्षापासून फुकट मिळणार. जिभाऊंच्या मुलाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, मग ऑपरेशनला थांबायचं का?"

मी डॉक्टर नाही. अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या मागे राहिलेली सात एकर कपाशी बघतो. थांबू नका, एवढं लगेच कळवलं. 'कसं झालं' याचं उत्तर द्यायला मात्र बरेच दिवस लागले. ते देताना लक्षात आलं की पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा वावरातले दाखले जास्त कामाला येतात. कपाशी, केळी आणि तण ज्याने पाहिलंय त्याला कॅन्सर अर्धाअधिक आधीच ठाऊक असतो. फक्त नावं वेगळी असतात.

कुणाकडून लागलेला नसतो

जिभाऊंच्या 'कसं'मागे खरा प्रश्न होता : कुठून आला? कुणाचं उष्टं खाल्लं? मलेरियाचा जंतू डासातून येतो, क्षयाचा खोकल्यातून येतो. कॅन्सर तसा माणसाकडून माणसाला लागत नाही. तो आपल्याच शरीरातल्या पेशींचा असतो.

पेशी म्हणजे शरीराची वीट. फक्त ही वीट जिवंत आहे आणि स्वतःची दुसरी वीट तयार करते. आपल्या अंगात अशा साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. रक्तातल्या लाल पेशी सोडल्या तर प्रत्येकीच्या पोटात एक सूचनापुस्तिका असते, तिला डीएनए म्हणतात, आणि त्या पुस्तिकेतल्या एकेका सूचनेला जनुक. पुस्तिकेत सुमारे ६०० कोटी अक्षरं. पेशी दुभंगून दोन होताना दर वेळी ही सगळी अक्षरं पुन्हा उतरवून काढावी लागतात.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पूर्वी बागेतली निरोगी पिलं काढून कंद लावत. आता टिश्यू कल्चरची रोपं येतात, म्हणजे एका चांगल्या झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत काढलेल्या हजारो प्रती. आणि तरीही बागेत एखादं रोप वेगळंच निघतं. पानं अरुंद, वाढ खुजी, घड वाकडातिकडा. बी बाहेरून आलेलं नाही, रोगही नाही. प्रत काढता काढता चूक झाली एवढंच. म्हणूनच जबाबदार प्रयोगशाळा एकाच मूळ तुकड्यापासून ठरावीक पिढ्यांपुढे रोपं काढत नाही. जितक्या जास्त वेळा प्रत, तितक्या चुका जास्त.

शरीरातही नेमकं हेच होतं. पेशीकडे चुका दुरुस्त करणारी माणसं ठेवलेली असावीत तशी यंत्रणा आहे आणि ती फार चोख आहे. दुरुस्तीनंतर अब्जावधी अक्षरांत एखादीच चूक राहते. पण अक्षरंच ६०० कोटी आणि प्रती आयुष्यभर, त्यामुळे चुका साठत जातात. अशा कायम राहिलेल्या चुकीला म्यूटेशन म्हणतात. मी पुढे साधं 'चूक' म्हणेन. कॅन्सर उतारवयात जास्त दिसतो त्याचं मोठं कारण हेच. घरोघरी जो प्रश्न पडतो, "यांनी तर कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही, मग यांना कसा?" त्याचं अर्धं उत्तरही इथेच आहे. काही चुका कुणीही न केलेल्या असतात.

अडकलेला स्टार्टर, जळालेला रिले

मग प्रत्येक चुकीचा कॅन्सर का होत नाही? कारण बहुतेक चुका बिनमहत्त्वाच्या जागी होतात. पंचांगात छपाईची चूक झाली म्हणून ग्रहण टळत नाही, तसं. घातक ठरतात त्या दोन प्रकारच्या जागा.

विहिरीवरची मोटर आठवा. रात्री अडीचला लाईट येते आणि ऑटो लावलेला असला की मोटर आपोआप सुरू होते. समजा स्टार्टर आतून चिकटला. आता मोटर थांबायचं नाव घेणार नाही. पेशीत 'वाढ' म्हणणारी काही जनुकं असतात. जखम भरायची असली की ती चालू होतात आणि काम झालं की बंद होतात. त्यांच्यात चूक झाली की स्टार्टर चिकटतो.

या जनुकांचा शोध लागला तो कोंबडीमुळे. १९११ मध्ये पेटन राऊस या अमेरिकी संशोधकाने दाखवलं की कोंबडीतली एक विशिष्ट गाठ विषाणूमुळे होते. त्याला नोबेल मिळालं १९६६ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी! दरम्यान सगळे त्या विषाणूतलं दुष्ट जनुक शोधत होते. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाला दिसलं की ते जनुक मुळात विषाणूचं नव्हतंच. निरोगी कोंबडीचंच होतं, विषाणूने कधीतरी उचललेलं. चोर घरातलाच निघाला. मला विचाराल तर कॅन्सरच्या संशोधनातला हा सगळ्यात मोठा धक्का, औषधांपेक्षाही मोठा.

दुसरी जागा म्हणजे रिले. विहिरीचं पाणी तळाला गेलं किंवा एक फेज गेला की रिले मोटर पाडतो, नाहीतर वाइंडिंग जळतं. पेशीतही असे रिले आहेत आणि प्रत्येक जनुक आई-बापाकडून एकेक असं दोनदा मिळत असल्याने रिलेही जोडीने असतात. एक जळाला तरी दुसरा सांभाळतो. दोन्ही गेले की मग खैर नाही. लहान मुलांच्या डोळ्यातल्या एका कॅन्सरवरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन धक्क्यांचा हिशेब मांडला. काही घरांत मूल जन्मतःच एक रिले जळालेला घेऊन येतं आणि त्याला एकच धक्का पुरतो. 'घराण्यात कॅन्सर' असतो तो असा. पण सगळे मिळून असे कॅन्सर शंभरातले पाच-दहाच. काकूला होता म्हणून आपल्यालाही होणारच, असं धरून चालू नये.

रिलेंतला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे पी ५३. पेशीची पुस्तिका फाटली की तो काम थांबवतो, दुरुस्ती होते का बघतो, नाहीच झाली तर पेशीला मरायला लावतो. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांमध्ये हा बिघडलेला सापडतो. हत्तीत आपल्यापेक्षा कितीतरी पट पेशी, म्हणजे त्याला कॅन्सरही तितका जास्त व्हायला हवा. होत नाही. आपल्याकडे पी ५३ ची एक जोडी, हत्तीकडे वीस. त्यामागचं एक कारण हेच असावं असं मानतात.

तर चूक एक नाही, बहुधा अनेक लागतात, आणि त्या एकाच पेशीच्या वंशात एकामागून एक साठाव्या लागतात. म्हणूनच वेळ लागतो. शिवाय गुणाकाराचा हिशेब बघा. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं तीस वेळा झालं की शंभर कोटी पेशी होतात आणि गाठ होते केवढी? साधारण एक सेंटिमीटर, बोराच्या बीएवढी. म्हणजे हाताला गाठ लागते तेव्हा तिचा बराचसा प्रवास होऊन गेलेला असतो. यापुढे आणखी दहा वेळा दुप्पट झाली की वजन किलोवर जातं.

यातली एक गोष्ट मात्र नव्याने कळली आहे आणि ती मला अजून पुरती पचलेली नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये धडधाकट माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं. मध्यम वयात त्याचा मोठा भाग अशा पेशींनी व्यापलेला होता, ज्यांच्यात कॅन्सरशी जोडलेल्या चुका आधीच होत्या. कॅन्सर मात्र नव्हता. म्हणजे बी सगळीकडे पडलेलं आहे, उगवतं कुठेतरीच. का, ते पुढे येईल.

"आमचा आजा नव्वद वर्षं तंबाखू मळत होता"

हे वाक्य मी वर्षातून दहादा ऐकतो. खरंही असतं. जुना सहा नंबर हायवे डोळे मिटून ओलांडणारा एखादा पलीकडे सुखरूप पोचतोच. त्यावरून बाकीच्यांनी डोळे मिटावेत का?

तंबाखू चुकांचा वेग वाढवते. याची मोजदादही झाली आहे. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी दीडशे जादा चुका होतात. आपल्याकडे ओढण्यापेक्षा चघळणं जास्त. चघळायच्या तंबाखूत कॅन्सर घडवू शकणारी २८ रसायनं सापडली आहेत. नुसती सुपारीही, तंबाखू न घालता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने घातक गटात टाकलेली आहे. हे ऐकून लोक सगळ्यात जास्त चमकतात, कारण सुपारी आपण पाहुण्यापुढे तबकात ठेवतो. चुना गालाचं अस्तर भाजतो, जखम भरायला पेशी पुन्हा पुन्हा दुभंगतात आणि त्या पेशींवर दिवसभर तोच बार धरलेला असतो. प्रत काढणारा घाईत आणि वर अंधार. चूक होणारच. बायकांची मशेरी यातून सुटत नाही. दात घासायला म्हणून लावली तरी ती तंबाखूच.

भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख नवे कॅन्सररुग्ण झाले असा जागतिक अंदाज आहे आणि पुरुषांमध्ये पहिला नंबर ओठ-तोंडाच्या कॅन्सरचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते आपल्या चौकातली टपरी सांगेल.

फवारणीचं काय? शेतकरी हे विचारणारच, आणि उडवून लावण्यासारखा हा प्रश्न नाही. आपण बांधावर मारतो त्या ग्लायफोसेट तणनाशकाला त्याच कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांनी सांगितल्याप्रमाणे वापरलं तर तसा धोका दिसत नाही, असं म्हटलं. वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर वाद मिटेपर्यंत तोंडाला फडकं, हातात मोजे आणि फवारणीनंतर आंघोळ यात कुणाचं नुकसान नाही. पण तंबाखूचा बार धरून "सगळं औषधांमुळेच होतं" म्हणणं म्हणजे घरात आग लागली असताना शेजाऱ्याच्या चुलीकडे बोट दाखवणं. तंबाखूबद्दल वाद उरलेला नाही.

लव्हाळ्याच्या गाठी आणि काळी जमीन

गाठ एका जागी राहिली तर ती सहसा मारत नाही. मारते ती पसरल्यावर. लव्हाळा वरून कितीही कापा, जमिनीखाली त्याच्या बारीक गाठी राहतात आणि पहिल्या पावसात वावरभर हिरवं होतं. कॅन्सरच्या पेशीही रक्तातून, लसिकेतून सुटतात, कुठेतरी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात आणि मग उगवतात. ऑपरेशन झाल्यावर "सगळं काढलं तर आता केमो कशाला?" असं नातेवाईक विचारतात. ती या न दिसणाऱ्या गाठींसाठी.

पण उगवतात कुठे, याला नियम दिसतो. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या लंडनच्या डॉक्टरने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या शेकडो स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. रक्त सगळीकडे जातं, पण गाठी ठरावीक अवयवांतच जास्त होत्या. त्याने लिहिलं की बी चारी दिशांना जातं, पण रुजतं योग्य जमिनीतच. सव्वाशे वर्षांनंतरही संशोधक याला बी आणि जमीन असंच म्हणतात. आपल्याला नवल वाटू नये. काळ्या जमिनीत कपाशी आणि बरडावर कुसळ, हे पोरंही जाणतात.

जमीन म्हणजे पेशीच्या आजूबाजूचं सगळं : सूज, रक्तवाहिन्या, पहारा देणाऱ्या पेशी. अन्ननलिकेतलं ते पडून राहिलेलं बी बऱ्याचदा उगवत नाही त्यात या जमिनीचा वाटा आहे. आणि जी गाठ उगवते ती जमीनही आपल्या सोयीची करून घेते. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे तिला रक्त पुरत नाही, तेव्हा ती रसायनं सोडून जवळच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फोडायला लावते. ठिबकच्या मेन लाईनला रात्री भोक पाडून स्वतःच्या वावराकडे नळी ओढणारा शेजारी समजा. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. २००४ मध्ये ही चोरटी नळी बंद करणारं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

इथे एक गैरसमज बोलून टाकतो, कारण तो आमच्या भागात माणसं मारतो. "सुई टोचली, चाकू लागला की पसरतो." जिभाऊंनीही सहा महिने याच भीतीने काढले. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का, कोणता आहे आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. काही ठरावीक गाठींना सुई कुठून घालायची याची डॉक्टर काळजी घेतात, ते त्यांना शिकवलेलंच असतं. ऑपरेशननंतर पसरलेला दिसतो तो बहुधा आधीच पसरलेला होता, कारण आपण उशिरा गेलो. फांदी कापल्यावर पडली म्हणजे कुऱ्हाडीनेच वाळवी आणली असं नसतं.

एकच फवारा किती दिवस चालतो?

जुनी केमो म्हणजे सगळ्या वावरावर मारलेलं तणनाशक. जे जे भराभर वाढतं त्यावर ती पडते : कॅन्सरवर, तशीच केसांच्या मुळांवर, तोंडाच्या अस्तरावर, रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर. केस जातात, तोंड येतं ते म्हणून. शेक, म्हणजे रेडिएशन, हा पंप एका सरीवर धरून मारल्यासारखा. लोक या दोन्हींना नावं ठेवतात, पण आजही बरे होणाऱ्यांतले बहुतेक ऑपरेशन, शेक आणि केमो यांनीच बरे होतात. नव्या औषधांच्या बातम्या वाचताना हे विसरायला होतं.

नवी दिशा उघडली ती 'नेमका स्टार्टर कोणता चिकटला' हे कळल्यावर. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक जनुक कायमचं चालू राहतं. १९६० मध्ये ते विचित्र गुणसूत्र दिसलं, १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी अदलाबदल ओळखली आणि २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली. ती फक्त तोच स्टार्टर धरून ठेवते. जिथे मोजकी वर्षं हातात असायची तिथे आता रोज गोळी घेऊन बहुतेक जण जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतात. या गोळीच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या पुढे, तर भारतीय कंपन्यांचं दहा हजारांच्या आत, एवढा तो फरक होता.

मग सगळ्या कॅन्सरवर अशी गोळी का नाही? आता बोंडअळीकडे येऊ.

बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी, २००२ मध्ये आली, तशा दोन जनुकांची २००६ मध्ये. आम्हाला वाटलं, सुटलो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोकळ केली तेव्हा कळलं काय झालं होतं. बीटीने अळीला काही शिकवलं नाही. लाखो अळ्यांत चार-दोन जन्मतःच अशा होत्या की ज्यांना ते विष बाधत नव्हतं. आपण बाकीच्या मारल्या आणि वावर या चार-दोघींना मोकळं करून दिलं. त्यांचीच पिढी वाढली. फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच ठेवून, आपण त्यांना उन्हाळ्यापर्यंत जेवूही घातलं.

गाठीतही हेच. शंभर कोटी पेशी एकसारख्या नसतात, प्रत्येकीत थोड्या वेगळ्या चुका असतात. औषध देताच गाठ विरघळते, घरात पेढे वाटले जातात आणि वर्ष-दीड वर्षाने तीच गाठ परत येते. आता औषध लागू पडत नाही. औषध खोटं नव्हतं. न बाधणाऱ्या पेशी आधीपासून होत्या. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्येच लिहिलं होतं की गाठीच्या आत अशी निवड सतत चाललेली असते.

एक उपाय शेतकऱ्यालाही ठाऊक आहे : वेगवेगळ्या गटांतली औषधं एकत्र. एकीतून वाचलेली दुसरीत सापडते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १९६० च्या दशकात डॉक्टरांनी चार औषधं एकदम द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. आज चांगल्या केंद्रांत त्यातली बहुसंख्य मुलं बरी होतात.

दुसरा उपाय ऐकून जिभाऊ ओट्यावरच सरळ बसले. बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी मिळायची, आठवतं? कडेच्या तासांना लावायची. साध्या अळ्या तिथे जगाव्यात, त्यांचा चिवट अळ्यांशी संकर होत राहावा आणि चिवटपणा पातळ व्हावा म्हणून. अमेरिकेत रॉबर्ट गेटनबी नावाचे डॉक्टर आहेत. कोबीवरच्या पतंगावर सगळी कीटकनाशकं निकामी होत गेली, त्या गोष्टीवरून त्यांना सुचलं की पसरलेला, पुरता न मारता येणारा कॅन्सर मुळापासून उपटायच्या नादात आपण चिवट पेशींना रान मोकळं करतो. त्यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये औषध दिलं, रक्तातली खूण निम्म्यावर आली की बंद केलं आणि पुन्हा मूळ पातळीवर गेली की सुरू केलं. जगलेल्या साध्या पेशी चिवट पेशींना जागा देत नाहीत, हा हिशेब. २०१७ च्या अहवालात अकराच रुग्ण होते. औषध नेहमीच्या निम्म्याहून कमी लागलं आणि आजार सुमारे साडेसोळा महिन्यांऐवजी निदान सत्तावीस महिने आवाक्यात राहिला. अकरा जणांवरून नियम बांधता येत नाही, मोठे प्रयोग चालू आहेत. आणि हे वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या कमी करू नयेत. बरा होऊ शकणाऱ्या कॅन्सरला हा हिशेब लागूच नाही, तिथे पूर्ण डोसच हवा.

जागलीचं कुत्रं

शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या रोज फिरून बिघडलेल्या पेशी टिपतात. मग कॅन्सर त्यांच्या तावडीतून सुटतो कसा?

जागलीला, म्हणजे रात्री वावर राखायला, गेलात की सोबत कुत्रं असतं. मालक आला की ओळखीची शीळ घालतो आणि कुत्रं गप्प बसतं. ती शीळ आवश्यकच आहे, नाहीतर ते घरच्यांनाच चावेल. चतुर चोर ती शीळ शिकतो. कॅन्सरपेशी नेमकं हेच करते, पहारेकऱ्याला 'मी घरचीच' असा इशारा देते. १९९० च्या दशकात अमेरिकेत जेम्स ॲलिसन आणि जपानमध्ये तासुकु होंजो यांनी असे दोन वेगळे इशारे ओळखले. २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यावरची औषधं म्हणजे कुत्र्याच्या कानात घातलेला कापूस. शीळ ऐकू येत नाही, कुत्रं चोराला धरतं. याला इम्युनोथेरपी म्हणतात. कधी ते घरच्यांनाही चावतं : थायरॉईड, आतडं, फुफ्फुस सुजतं. आणि सगळ्यांना हे औषध लागू पडत नाही. काही चोर शीळ घालून येतच नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा असतो.

खरी अडचण पैशांची. पूर्ण डोसचा खर्च महिन्याला लाखांत जातो. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी विचारलं, एवढा कापूस लागतोच का? डोकं-मान-तोंडाचा कॅन्सर पुढे गेलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना स्वस्त गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना त्याच गोळ्यांसोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभराने पहिल्या गटातले १६ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ४३ टक्के. हा बरं होण्याचा आकडा नाही. पण खिशात मावणारा आहे, आणि आपल्याकडच्या आजारावर आपल्याकडे शोधलेला आहे.

दुसरा प्रकार कार-टी. यात रुग्णाच्या रक्तातले पहारेकरी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्या पुस्तिकेत एक जनुक घालून त्यांना चोराचा वास ओळखायला लावतात, वाढवतात आणि परत सोडतात. कुत्र्याला चोराचा सदरा हुंगवल्यासारखं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार-१९ हे भारतातलं पहिलं असं औषध. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत हा उपचार तीन-चार कोटींना पडतो, इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात. स्वस्त म्हणायची माझी जीभ वळत नाही. शिवाय तो रक्ताच्या काही कॅन्सरवर चालतो. जिभाऊंच्या गालासारख्या घट्ट गाठीत हे पहारेकरी अजून नीट शिरत नाहीत.

मग ती रशियाची लस?

लस म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पोलिओचे दोन थेंब येतात : निरोग्याला द्यायचे, आजार टळतो. बातमीतली लस तशी नव्हती. रुग्णाची गाठ काढायची, तिच्या पुस्तिकेतल्या चुका वाचायच्या, त्या चुकांची छायाचित्रं पहारेकऱ्यांना दाखवणारी लस फक्त त्याच्यासाठी बनवायची, असा हा प्रकार आहे. कल्पना खरी आहे. त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये अशी लस इम्युनोथेरपीसोबत दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला, असं २०२२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या १५७ रुग्णांच्या प्रयोगात दिसलं. पण 'सगळ्या कॅन्सरवर एकच लस' हा अर्थ रशियाच्या बातमीतही नव्हता. तो आपल्या ग्रुपांवर तयार झाला.

खऱ्या अर्थाने कॅन्सर टाळणारी लस मात्र आधीच आहे आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. कॅन्सर लागत नाही, पण हा विषाणू लागतो, आणि तो पेशीचे रिले निकामी करतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना याच शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. विषाणूशी संबंध यायच्या आधी, नऊ ते चौदा या वयात, ती घेतली तर सगळ्यात उत्तम. "आमच्या मुलीला असली लस कशाला?" असं एका पालकसभेत मला ऐकवलं गेलं. गोवराची लस टोचताना आपण कधी मुलाच्या चारित्र्याचा विचार केला होता का, एवढंच मी विचारलं.

ज्या बायकांचं लसीचं वय उलटलं त्यांच्यासाठी तपासणी आहे. तिचा पुरावा शोधायला लंडनला जायला नको. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या प्रयोगात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगभर गाजलं. तोंडाच्या कॅन्सरसाठी तर यंत्रही लागत नाही. केरळात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन उजेडात तोंडं पाहिली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

हळद, साखर वगैरे

थोडक्यात उरकतो. हळदीतल्या घटकावर प्रयोगशाळेत भरपूर काम झालंय. भांड्यातली पेशी मरते, पण माणसाच्या गाठीवर ती चालते असा पुरावा अजून आलेला नाही. साखर बंद करून गाठ उपाशी मरत नाही. शरीर भाकरीचीही साखर करतंच आणि केमोत अशक्त झालेला माणूस आणखी खंगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये असाच एक घरगुती आहाराचा दावा गाजला तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांना सह्या करून सांगावं लागलं की यावर विसंबू नका. पथ्य पाळा, हळदीचं दूध प्या, कुणी नाही म्हणत नाही. तारीख चुकवू नका.

जिभाऊंचं ऑपरेशन जानेवारीत झालं, मग तीस-बत्तीस दिवस शेक. कुटुंब दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलं. उपचाराचा बराचसा खर्च महात्मा फुले योजनेत बसला. गाल ओढल्यासारखा दिसतो, भाकरी दुधात कुस्करून खातात. तीन महिन्यांनी तपासणीला जातात.

परवा मी गेटनबींची गोष्ट पुन्हा सांगत होतो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं. बोलणं अजून तोंडात अडकतं. "आन आपन ती पुडी बांधवर फेकी दिन्ही ना भो," म्हणाले आणि नातवाला हाक मारून मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली. नातू चोवीस वर्षांचा, खिशात पुडी. जिभाऊंनी त्याला ओट्यावर बसवलं, आ करायला लावलं आणि गालाच्या आतून बोट फिरवून बघायला लागले.